कंपनीचा जनसंपर्क, सरकारचा जनसंपर्क : गप्प राहण्याची मुभा कोणाला?

मूळ लेख

जनसंपर्काच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक समजूत वारंवार आढळते. प्रसिद्धिपत्रक नीट लिहिता आले, पत्रकारांशी संबंध राखता आले आणि अडचणीच्या प्रश्नाला न डगमगता उत्तर देता आले की हे काम कुठेही करता येते, मग पगार कंपनी देवो की सरकार, असे त्यांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. एका उत्पादन कंपनीच्या जनसंपर्क विभागात ११ वर्षे काढल्यानंतर मी पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या एका सरकारी यंत्रणेत जनसंपर्क अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा नवे काही शिकावे लागेल असे मनातही आले नव्हते.

पहिल्याच महिन्यात मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती झाली आणि एका भागातील पाण्याच्या नमुन्यात दोष आढळला. दुपारी बारा वाजता मी प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा तयार केला. त्याचे पहिलेच वाक्य होते : ‘या भागातील नागरिकांनी पुढील सूचना मिळेपर्यंत पाणी उकळून प्यावे.’ मसुदा मान्यतेसाठी फाइलमधून वर गेला आणि सहा सह्या होऊन संध्याकाळी परत आला. आता पहिल्या परिच्छेदात दुरुस्तीचे काम युद्धपातळीवर आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली सुरू आहे ते आले होते. माझे वाक्य चौथ्या परिच्छेदात गेले होते आणि त्याचे ‘नागरिकांनी आवश्यक ती दक्षता घ्यावी’ असे झाले होते. मी फाइल हातात घेऊन पुन्हा वरपर्यंत गेले. मूळ वाक्य मूळ जागी आणायला साडेसात वाजले. तोवर त्या भागातल्या नळांना संध्याकाळचे पाणी येऊन गेले होते.

सह्या करणाऱ्या सहाही जणांपैकी कोणाचा हेतू वाईट नव्हता, हे मला आजही आवर्जून सांगावेसे वाटते. कंपनीत असताना मसुद्यावर पहिला प्रश्न यायचा तो ‘याचा विक्रीवर आणि नावावर काय परिणाम होईल’ हा. इथे पहिला प्रश्न होता, ‘हे आपण कोणत्या आधारावर म्हणतो आहोत आणि उद्या सभागृहात किंवा न्यायालयात विचारले तर उत्तर कोण देणार’. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी रास्त आहेत. मात्र ज्याच्या घरात ते पाणी साठवलेले आहे, त्याचा प्रश्न या दोहोंतही नाही.

तेव्हापासून मी या फरकाचा विचार करते आहे. माझ्या मते त्याचे मूळ समोरच्या माणसाच्या स्थानात आहे. कंपनीचा ग्राहक नाराज झाला तर दुसरीकडे जातो, आणि तो जाऊ शकतो म्हणूनच कंपनी त्याच्याशी गोड बोलते, त्याची मर्जी सांभाळते, आणि जे ग्राहक तिला नको आहेत त्यांच्याशी अजिबात बोलत नाही. नागरिकाला असे जाता येत नाही. पाणी, परवाना, कर, जन्माचा दाखला यांसाठी त्याला दुसरे दार नसते. त्यामुळे सरकारी जनसंपर्काला श्रोता निवडता येत नाही. जो वाचू शकत नाही, जो रागावलेला आहे, ज्याने सत्ताधाऱ्यांना मत दिले नाही, त्या प्रत्येकापर्यंत तीच सूचना तितक्याच स्पष्टपणे पोहोचवणे हे त्याचे काम ठरते.

यातूनच मौनाचा प्रश्न निर्माण होतो. कंपनीत ‘यावर आम्हाला काही म्हणायचे नाही’ हे वाक्य मी शेकडो वेळा वापरले असेल, आणि ते वापरण्याचा कंपनीला अधिकार होता. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांवर ठरावीक गोष्टी जाहीर करण्याचे बंधन असते. अमेरिकेत २००० साली आलेल्या नियमाने तर निवडक विश्लेषकांच्या कानात महत्त्वाची बातमी आधी सांगण्यालाही मनाई केली. तरीही ही बंधने प्रामुख्याने गुंतवणूकदारांच्या पैशाशी बांधलेली आहेत. त्यापलीकडे बरेचसे मौन कायदेशीर असते. सरकारच्या बाबतीत तत्त्वच उलटे आहे. स्वीडनने १७६६ साली सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क कायद्याने दिला, अमेरिकेने १९६६ मध्ये, भारताने २००५ मध्ये. या कायद्यांखाली माहिती देणे हा नियम असतो आणि नाकारणे हा अपवाद, ज्याचे कारण लेखी द्यावे लागते. सरकारी जनसंपर्क अधिकारी गप्प बसतो तेव्हा तो दुसऱ्याच्या मालकीची वस्तू अडवून ठेवत असतो.

दुसरा फरक स्तुतीचा. कंपनीने स्वतःच्या पैशाने स्वतःची वाखाणणी केली तर फार तर वाचणारा कंटाळेल. सरकारने ती केली तर ज्याला ती मान्य नाही त्याच्याही करातून तिचा खर्च होतो. अमेरिकी काँग्रेसने १९१३ मध्येच, प्रतिनिधी फ्रेडरिक जिलेट यांच्या दुरुस्तीनुसार, स्वतंत्र मंजुरी असल्याशिवाय सरकारी निधीतून ‘प्रसिद्धितज्ज्ञ’ नेमण्यास बंदी घातली. त्यामुळे काम थांबले नाही, त्याची नावे मात्र बदलली. तेथील सरकारी खात्यांत आजही हे काम ‘सार्वजनिक माहिती’ किंवा ‘सार्वजनिक व्यवहार’ अशा नावांखाली चालते. नाव बदलून काम चालू ठेवणे मला पटत नाही. पण त्या बंदीमागची शंका शंभर वर्षांनंतरही खरी वाटते.

दोन्हीकडे काम केलेल्यांनी, किंवा टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांनी, आपले अनुभव लिहावेत ही विनंती.

प्रतिसाद १ : माजी वार्ताहर

मी टेबलाच्या पलीकडचा. कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला फोन केला की दहा मिनिटांत उत्तर येते. ते सुबक असते आणि बहुतेक वेळा त्यात काहीच नसते. सरकारी कार्यालयातून उत्तर यायला संध्याकाळ होते, पण आले तर त्यात आकडा असतो, कलम असते, आणि बातमी त्यावर उभी करता येते. बातमी छापून आल्यानंतरची वागणूकही वेगळी असते. कंपनी नाराज झाली तर संपादकांना भेटते किंवा जाहिरातीचा विषय काढते. सरकारी खाते ‘खुलासा’ पाठवते, आणि त्या खुलाशात मूळ बातमीतील चूक कोणती हे सहसा सांगितलेले नसते. खात्याने कोणत्या साली कोणता निर्णय घेतला याची जंत्री असते.

एक ऐतिहासिक गोष्ट जोडतो. आज आपण ज्याला प्रसिद्धिपत्रक म्हणतो त्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणून १९०६ सालचे एक पत्रक सांगितले जाते. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात होऊन ५० हून अधिक माणसे दगावली. रेल्वे कंपनीचे सल्लागार आयव्ही ली हे पूर्वाश्रमीचे पत्रकार. त्यांनी बातमी दाबण्याची तेव्हाची रीत सोडून कंपनीकडूनच माहितीचे निवेदन काढले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेले. त्याच वर्षी त्यांनी आपण उघडपणे आणि अचूक माहिती पुरवू अशी तत्त्वे जाहीर केली होती. म्हणजे लोकांना माहिती मिळण्याचा हक्क आहे ही भाषा खासगी कंपनीच्या दारातूनही आलेली आहे. तेव्हा उघडेपणा सरकारकडे आणि मौन कंपनीकडे अशी वाटणी करण्याआधी थोडे थांबावे, असे मला वाटते.

प्रतिसाद २ : कंपनीत जनसंपर्क सांभाळणारा

वरील मताशी मी सहमत आहे आणि एक पाऊल पुढे जातो. ज्याचे अस्तित्व पणाला लागलेले असते तोच लवकर बोलतो. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. भेसळ कारखान्यात झाली नव्हती, दुकानांतल्या बाटल्यांमध्ये झाली होती. तरीही जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना कॅप्सूल घेऊ नका असे सांगितले, देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, आणि उघडलेले असल्यास लगेच कळेल अशा वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आणले. सहा सह्यांची वाट तिथे पाहिली गेली नाही. धागालेखिकेच्या फाइलीचा प्रवास वाचून मला सारखे वाटत राहिले की त्या यंत्रणेला ग्राहक गमावण्याची भीती असती, तर ‘पाणी उकळून प्या’ हे वाक्य बारा वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडले असते.

धागालेखिकेचे उत्तर

टायलेनॉलचे उदाहरण मीही वर्गात सांगते, आणि त्या कंपनीच्या निर्णयाबद्दल मला आदर आहे. परंतु त्याच प्रकरणात सरकारने काय केले तेही पाहावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाने दुकानातून थेट विकल्या जाणाऱ्या औषधांसाठी छेडछाड लक्षात येईल असे वेष्टन सक्तीचे करणारे नियम काढले. कंपनीने आपली बाटली सुरक्षित केली, सरकारला सगळ्यांच्या बाटल्यांचा विचार करावा लागला. कंपनी आपला माल परत मागवू शकते. मी चुकीची सूचना काढली तर ती परत मागवता येत नाही. एका भागाऐवजी चुकून शेजारच्या भागाचे नाव गेले असते, तर तिथल्या लोकांनी पुढची खरी सूचनाही ऐकली नसती. सह्यांची रांग मला मान्य नाही, पण ती कोणत्या भीतीतून निर्माण झाली हे मी समजू शकते.

प्रतिसाद ३ : निवृत्त शासकीय अधिकारी

सह्यांच्या बाजूने बोलणारा इथे कोणी नाही, म्हणून लिहितो. सरकारचा शब्द हा सल्ला म्हणून दिला तरी लोक तो आदेश म्हणून ऐकतात, हे कंपनीत काम केलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण थ्री माइल आयलंडचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण त्यात कंपनी आणि सरकार एकाच घटनेबद्दल एकाच वेळी बोलत होते.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात या अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात बिघाड झाला. अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला होता, पण त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हते. कंपनीच्या प्रवक्त्यांचा सूर सर्व आटोक्यात असल्याचा होता. राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम स्क्रँटन यांनी सकाळच्या पत्रकार परिषदेत कंपनीच्या माहितीवर विसंबून तसेच सांगितले, आणि काही तासांतच त्यांना पुन्हा पत्रकारांसमोर येऊन, कंपनीने भासवले त्याहून प्रकरण गुंतागुंतीचे आहे, असे सांगावे लागले. उसन्या माहितीवर सरकारने बोलले की काय होते ते इथे दिसते.

दोन दिवसांनी गव्हर्नर रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी केंद्रापासून पाच मैलांच्या आतील गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी तो भाग सोडावा, असा सल्ला दिला. शब्द मोजके होते, अंतर ठरवून दिलेले होते, कोणाला उद्देशून आहे तेही स्पष्ट होते. तरीही लाखाहून अधिक लोक घरे सोडून गेले. त्या लोकांना दोष देता येणार नाही. दोन दिवस परस्परविरोधी विधाने ऐकल्यावर त्यांनी सल्ल्यातील अंतर आपल्या भीतीने मोजले.

त्यानंतर अध्यक्ष कार्टर यांनी अणुनियामक आयोगातील अभियंता हॅरोल्ड डेंटन यांना तिथे पाठवले. केंद्राच्या स्थितीबद्दल डेंटन बोलतील आणि स्थलांतराबद्दल गव्हर्नर बोलतील, अशी वाटणी झाली आणि कंपनीने त्या विषयावरच्या आपल्या पत्रकार परिषदा थांबवल्या. डेंटन हे काही जनसंपर्काचे जाणकार नव्हते. ते शांतपणे, साध्या शब्दांत बोलत, आणि लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या केमेनी आयोगाने यंत्रातील दोषांबरोबर लोकांपर्यंत माहिती कशी पोहोचली याचीही स्वतंत्र तपासणी केली.

सांगायचा मुद्दा असा की सह्या अडथळा म्हणून निर्माण झालेल्या नाहीत. दोन खात्यांनी दोन वेगळी वाक्ये बोलू नयेत, यासाठी त्या आहेत. धागालेखिकेच्या प्रकरणात दोष सहा सह्यांचा कमी आणि त्या सहा जणांना एकेक करून फाइल पाठवण्याचा जास्त होता. तातडीच्या वेळी सहाही जणांना एका टेबलाशी बसवता येते. मी ते केलेले आहे. वीस मिनिटे लागतात.

प्रतिसाद ४ : जनसंपर्काची विद्यार्थिनी

आम्हाला वर्गात जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये मांडलेली चार प्रारूपे शिकवतात : नुसती प्रसिद्धी, सार्वजनिक माहिती, दुतर्फी पण असमान, म्हणजे लोकांचा कल जाणून घेऊन त्यांचे मन वळवणे, आणि समान पातळीवरचा दुतर्फी संवाद. सरकारी काम दुसऱ्या प्रकारात मोडते असे सांगितले जाते. पण लसीकरण असो, कचरा वेगळा करणे असो किंवा रस्त्यावरील सुरक्षितता असो, सरकार तिथे लोकांचे मन वळवतच असते. मग सरकारने मन वळवावे की नाही? आणि वळवावे, तर कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ते वेगळे कसे?

प्रतिसाद ५ : सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील

या प्रश्नाचे उत्तर मी सरकारकडून झालेल्या एका चुकीचे उदाहरण घेऊन देतो. ब्रिटनमध्ये गुरांना बीएसई हा मेंदूचा रोग पसरलेला असताना, मे १९९० मध्ये तेथील कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बीफबर्गर देऊ केला. मांस सुरक्षित आहे हे लोकांना पटवायचे होते. कंपनीच्या जनसंपर्काच्या दृष्टीने पाहिले तर यात गैर काहीच नाही. मालक स्वतःचा माल वापरून दाखवतो, तसेच ते. मार्च १९९६ मध्ये आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावे लागले की या रोगाचा माणसांतील एका जीवघेण्या मेंदूविकाराशी बहुधा संबंध आहे. ऑक्टोबर २००० मध्ये चौकशीचा अहवाल आला, आणि मला त्यातील निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. सरकार खोटे बोलले नव्हते, धोका अत्यल्प आहे असे त्याला मनापासून वाटत होते, पण लोक घाबरतील या काळजीपोटी चालवलेली दिलासा देण्याची मोहीम ही चूक होती, असे त्यात म्हटले आहे.

म्हणजे प्रामाणिक माणसेही इथे घसरली. कारण कृषी खात्याकडे दोन कामे होती : शेतकरी आणि मांसउद्योग यांचे हित पाहणे, आणि खाणाऱ्याला सावध करणे. पहिल्या कामाची भाषा दुसऱ्या कामात आली. माझे उत्तर असे आहे की सरकारने मन जरूर वळवावे, पण ज्या शंकेवर त्याचे स्वतःचे शास्त्रज्ञ विचार करत आहेत ती शंका लोकांपासून लपवून वळवू नये. लसीकरणाच्या मोहिमेत आम्ही लस घेतल्यावर ताप येऊ शकतो, हे आधीच सांगतो. ते सांगितले नाही आणि बाळाला ताप आला, तर ती आई दुसऱ्या मात्रेला येत नाही, आणि तिच्या शेजारणीही येत नाहीत.

प्रतिसाद ६ : माजी वार्ताहर

बोलणारा कोण हे लपवणे, हा त्याच चुकीचा आणखी वाईट प्रकार. २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने एका आरोग्य योजनेच्या प्रचारासाठी केलेल्या चित्रफिती बेकायदा ठरवल्या. त्या वृत्तवाहिन्यांना बातमीच्या स्वरूपात पुरवल्या होत्या, त्यात वार्ताहरासारखे बोलणारी व्यक्ती होती, आणि हे सरकारने तयार केले आहे हे प्रेक्षकाला कळण्याची सोय नव्हती. कंपन्यांकडून अशा तयार फिती आम्हाला नेहमीच यायच्या, आणि त्या न वापरण्याची जबाबदारी आमची होती. सरकारच्या बाबतीत मात्र हाच प्रकार कायद्याचा भंग ठरला. धागालेखिकेचे मौनाबद्दलचे म्हणणे मला आधी एकांगी वाटले होते. या उदाहरणाचा विचार करताना ते पटू लागले आहे.

धागालेखिकेचे उत्तर

सर्वांचे आभार. निवृत्त अधिकाऱ्यांनी सुचवलेला उपाय मी जवळपास तसाच करून पाहिला आहे, त्याबद्दल लिहिते.

त्या घटनेनंतर मी एक टिपणी सादर केली. पाणी दूषित होणे, पुरवठा बंद पडणे, पाण्याचा दाब कमी होणे, टँकरची वेळ बदलणे अशा नेहमी उद्भवणाऱ्या प्रसंगांसाठी १४ सूचना आधीच लिहून ठेवल्या. भागाचे नाव, वेळ आणि तारीख एवढ्याच जागा रिकाम्या. प्रत्येक सूचनेचे पहिले वाक्य नागरिकाने काय करायचे ते सांगते. यंत्रणेने काय केले ते नंतर येते, आणि कोणाचे मार्गदर्शन लाभले ते येतच नाही. शांततेच्या काळात, हातात वेळ असताना, त्या सहाही जणांच्या सह्या घेतल्या. आता प्रयोगशाळेचा अहवाल आला की प्रयोगशाळेचे प्रमुख आणि मी, दोघांनी रिकाम्या जागा भरायच्या आणि सूचना काढायची, एवढा अधिकार आम्हाला लेखी मिळाला आहे. मागच्या वेळी ११ वाजून २० मिनिटांनी अहवाल आला आणि पावणेबारापर्यंत सूचना बाहेर पडली.

विद्यार्थिनीला एक सांगते. कंपनीत मी शिकलेले बरेचसे कौशल्य या १४ सूचनांत कामी आले : छोटे वाक्य, ठळक क्रियापद, वाचणाऱ्याच्या हातातल्या कामापासून सुरुवात. त्या सह्या मिळवण्यासाठी मात्र जे लागले ते तिथे शिकले नव्हते. प्रत्येक टेबलावरच्या माणसाला कोणत्या प्रश्नाची भीती वाटते हे विचारावे लागले आणि त्याचे उत्तर टिपणीत लिहून द्यावे लागले. या कामाला पाच महिने लागले. आणि ते एकदा करून संपत नाही, कारण सही करणारे बदलून जातात. नवे अधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात मी ती फाइल घेऊन त्यांच्याकडे जाते.